लान पार्सलने जाणार नाही

मंगळवारी सकाळी तू कामाला निघालीस. पहाटे पाऊस पडून रस्त्यावर गोठला होता. ऑफिसच्या अलीकडच्या वळणावर गाडी घसरली आणि खांबावर आदळली. दुपारी मला इस्पितळातून फोन आला. मी पोचले तेव्हा तू गेली होतीस.

लान, एवढंच घडलं. त्याला विशेषणं लावणारे नंतर भेटले. तुझ्या ऑफिसातला एकजण म्हणाला, काय विचित्र योगायोग, आयुष्यभर ब्रेकवर काम करणारी मुलगी अशी जावी. मी त्याला विचारलं, "तुम्ही गाडीच्या सीट डिझाइन करता ना? मग तुम्ही उद्या खुर्चीत बसल्याबसल्या गेलात तर आम्ही काय म्हणायचं?" मी असं बोलू शकते हे मलाही माहीत नव्हतं. तू असतीस तर टाळी मागितली असतीस.

तूच मला सांगितलं होतंस की काचेसारख्या बर्फावर ब्रेकचं काही चालत नाही. टायरला धरायला काही नसेल तर ब्रेक बिचारा काय करणार? पार्किंगमध्ये नुसत्या आवाजावरून कुठल्या गाडीचा ब्रेक झिजलाय ते ओळखायचीस आणि अनोळखी माणसाच्या काचेवर टकटक करून त्याला सांगायचीस. अशा माणसाच्या मरणाला योगायोग म्हणण्याची परवानगी मी कुणाला देणार नाही.

तुझ्या ऑफिसने एक हॉल घेऊन सभा ठेवली. फुलं होती, कॉफी होती, आणि तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. तोच, ज्यात तू चोरी करताना पकडल्यासारखी दिसतेस. एकेकजण उठून माइकपाशी जायचा आणि तुझे आभार मानायचा. थँक यू लान, तुझ्या हसण्याबद्दल. थँक यू लान, तू डब्यातून आणलेल्या डम्पलिंग्जबद्दल. ते खोटं बोलत नव्हते, काहींचे डोळे खरोखर भरले होते. तुझ्या मॅनेजरबाईंनी मला खुणेने विचारलं, बोलणार का. मी मान हलवून नाही म्हटलं. शेजारी निखिल बसला होता. चीनमध्ये, नानजिंगला तो माझ्या वर्गात होता, आता इथून जवळच नोव्हायला असतो, या दिवसांत रोज येऊन जायचा.

"अगं, दोन शब्द तरी बोल यार," तो कुजबुजला. "सगळ्यांत जास्त तूच ओळखायचीस तिला."

"म्हणूनच नाही बोलत."

त्याला ते उर्मट वाटलं. तुला वाटलं नसतं. कारण आभारांचं हे भांडण तुझंमाझं आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

२००३ साली मी मिशिगनच्या युनिव्हर्सिटीतून नद्यांच्या गाळाचा अभ्यास करायला वर्षभर नानजिंगला आले. आमच्या कार्यक्रमाचा नियम होता की प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याबरोबर एक स्थानिक रूममेट राहील आणि खोलीत फक्त चिनी बोलायचं. स्थानिक मुली या खोल्यांसाठी अर्ज करायच्या ते अमेरिकन मैत्रीण मिळेल म्हणून. तुझ्या वाट्याला मी आले. मिरजेची, सावळी, जाड चष्म्याची, आणि तोंडातून शब्द न काढणारी. पहिल्याच दिवशी तुझ्या मैत्रिणी दाराशी येऊन तुझं सांत्वन करायला लागल्या. मला चिनी कळत नाही असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

"अमेरिकन सांगितली आणि भारतीय दिली? तक्रार कर."

तू माझ्या चपलांकडे बोट दाखवलंस. "त्या बघा. आल्या आल्या दाराबाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. ही घरातली आहे, जा तुम्ही."

तुझ्या बाजूच्या भिंतीवर तुझ्या बाबांनी दिलेला नकाशा होता. ते शाळेत भूगोल शिकवतात. त्यात आमच्या ईशान्येची सीमा भलतीकडूनच गेलेली होती. मी चिनी शब्दकोश हातात घेऊन तुला सुनावलं. तू म्हणालीस, "नकाशा मी काढलेला नाही, बाबांनीही नाही." मी म्हटलं, तरी तो मला रोज दिसतो. तू जरा विचार केलास आणि त्या कोपऱ्यावर एका नूडलच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलंस. वर्षभर ते कॅलेंडर आपण दोघींनीही हलवलं नाही. दोन देशांना जे जमलं नाही ते आपल्याला एका खिळ्यात जमलं, असं मला अजूनही वाटतं.

आभारांचं मात्र खिळ्यावर भागलं नाही. इमारतीच्या तळमजल्यावर उकळत्या पाण्याचे नळ होते. संध्याकाळी सगळ्या मुली आपापले थर्मास घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. तू पहिल्या संध्याकाळी माझाही थर्मास भरून आणलास. मी आभार मानले. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आणलास, मी पुन्हा मानले. असं काही दिवस चाललं आणि मग एके दिवशी तू थर्मास माझ्या टेबलावर आदळलास.

"मी हॉटेलात कामाला आहे का?"

"नाही."

"मग सारखं आभार, आभार! तुझ्या आईला म्हणतेस?"

त्या रविवारी फोनवर मी आईला म्हटलं, "आई, तू लोणचं बांधून दिलंस ना, त्याबद्दल थँक्यू." मग आई म्हणाली, "ताप आलाय का तुला?" हे मी तुला सांगितलं तेव्हा तू पलंगावर लोळून लोळून हसलीस. जिंकल्याचं हसू होतं ते.

पण मी हार मानली नव्हती. मला ही सवय अमेरिकेने लावली होती, आणि मला ती पटली होती. मी म्हणायचे, न बोलता समजून घ्यायचं हे ठीक आहे, पण मग जी रोज पाणी भरते तिला कुणी कधीच काही म्हणत नाही. आमच्या घरी आई भरते, तुमच्या घरी तुझी आई. त्या दोघींना कुणी एकदा तरी म्हणायला नको? तू म्हणायचीस, "म्हणायचं कशाला, उठून भरायचं." आणि मग तुझं ते नेहमीचं वाक्य. "आभार पाहुणे मानतात. आभार मानतात आणि निघून जातात. तुला कुठे जायचंय?"

वसंतोत्सवाच्या सुट्टीत, म्हणजे चिनी नव्या वर्षाला, तू मला आन्ह्वेइ प्रांतातल्या तुझ्या गावी नेलंस. तिथे झालेली फजिती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मिरजेत आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, पानात टाकायचं नाही. तुमच्या गावात वाडगा रिकामा झाला याचा अर्थ पाहुणा उपाशी आहे. मी वाडगा स्वच्छ करायचे, तुझी आई भरायची. मी पुन्हा स्वच्छ करायचे. वर मी दर वेळी आभार मानत होते, त्यामुळे त्यांना वाटलं की ही मुलगी अजून फार परकी आहे, हिला आणखी वाढलं पाहिजे. शिवाय मी मांस खात नाही हे सांगितल्यावर तुझी आई भाजीतले डुकराच्या मांसाचे तुकडे चॉपस्टिकने वेचून काढत म्हणाली, "हे काही मांस नाही, चवीपुरतं आहे." तू समोर बसून सगळं बघत होतीस. शेवटी मला श्वास घेता येईना तेव्हा तू म्हणालीस, "आई, हिच्या देशात ताटात टाकणं पाप आहे. तू वाढत राहिलीस तर ही इथेच मरेल."

तुझे बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी माझा वाडगा पुढे ओढला आणि माझ्यादेखत त्यात दोन घास भात टाकून ठेवला. "आता हा असाच राहू दे," ते म्हणाले. "कुणी हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशीपासून माझ्या भाजीत मांसाचा कणही नव्हता.

पुढे २००५मध्ये तू शिकायला मिशिगनला आलीस आणि आपल्या जागा बदलल्या. आता स्थानिक रूममेट मी होते. मी तुला बसचं तिकीट, बँक, हिवाळ्याचे बूट असं सगळं दाखवलं, आणि इथे येता-जाता थँक यू म्हणायचं असतं हेही शिकवलं. तू ते फार लवकर शिकलीस. बस ड्रायव्हरला, दुकानातल्या पोराला, दार धरणाऱ्या प्रत्येकाला तू मनापासून म्हणायचीस. मला कधीच नाही. विमानतळावर तुला घ्यायला आले तेव्हाही नाही. "इतका लांबचा ड्राइव्ह केला मी," मी म्हटलं. "निदान इथल्या पद्धतीप्रमाणे?" तू बॅग माझ्या हातात दिलीस. "ही धर. जड आहे." त्यात मला आणलेला थर्मास होता, हिरवा, अगदी नानजिंगमधल्यासारखा.

नंतर दोघींना मिशिगनमध्येच, ट्रॉयला नोकऱ्या लागल्या आणि आपण सुमनकाकूंच्या घराचा वरचा मजला घेतला. काकू नागपूरच्या, काका गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. तू गरम पाणी पितेस हे पाहूनच काकूंनी तुला पास केलं होतं. "ही पोरगी शहाणी आहे, नाही तर तुम्ही, बर्फ घालून पिता न मग खोकता." तुला मराठीतला एकच शब्द नीट यायचा, काकू. तो तू इतक्या हक्काने वापरायचीस की काका म्हणायचे, आपली सूनच हाक मारतेय असं वाटतं.

तू गेल्यावर तुझे आईबाबा येऊ शकले नाहीत. पासपोर्ट नव्हते, आईला प्रवास झेपणारा नव्हता. आणि तुझ्या बाबांनी मला फोनवर आणखी एक सांगितलं, की तुमच्याकडे पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना पोचवायला जायचं नसतं. मग त्यांनी माझे आभार मानले. फोन ठेवेपर्यंत ते आभारच मानत होते, अगदी अदबीने, एखाद्या अधिकाऱ्याशी बोलावं तसे. या सगळ्या दिवसांत मला सर्वांत जास्त लागलं ते हे. ज्यांनी माझ्या वाडग्यात भात शिल्लक ठेवला होता, त्यांच्यासाठी मी पुन्हा परकी झाले होते.

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून, क्युपर्टिनोहून तुझा मामेभाऊ आला, दहन होईपर्यंत थांबला, सगळी कागदपत्रं बघितली. चांगला मुलगा आहे. त्याचं ग्रीन कार्डचं काम अडकलेलं आहे, त्याला देशाबाहेर जाता येत नाही. त्याने चौकशी करून मला सांगितलं की अस्थी पोस्टाने पाठवता येतात. रीतसर पद्धत आहे, वेगळी पेटी मिळते, कुठवर पोचली ते कॉम्प्युटरवर दिसतं.

"लान पार्सलने जाणार नाही," मी म्हटलं.

"मग कोण नेणार?"

"मी."

त्याने मान खाली घातली. निखिलने घातली नाही. "वेडी आहेस का? तुझ्या व्हिसाचा स्टॅम्प संपलाय. बाहेर पडलीस की परत यायला नवीन स्टॅम्प लागणार. चायनात नाही मिळाला तर इंडियात जा, तिथेही महिनोन् महिने लटकवतात लोकांना. जॉब जाईल यार. एका डब्यासाठी?"

"डबा म्हणू नकोस."

"सॉरी. पण लान तरी तुला हेच म्हणाली असती."

नाही, लान. तू हे म्हणाली नसतीस. तू म्हणाली असतीस, "ही धर. जड आहे."

आमच्या ऑफिसच्या वकिलाने सांगितलं की ते मला जायचा सल्ला देऊ शकत नाहीत. मी म्हटलं, मी सल्ला मागत नाहीये, कुठले कागद बरोबर न्यायचे तेवढं सांगा. मी आयुष्यभर सांगितलेलं ऐकणारी मुलगी. वर्गात पहिल्या बाकावर बसले, फॉर्म वेळेवर भरले, वाद घातला तो फक्त तुझ्याशी. मी पुन्हा परत येऊ शकेन का हे मला माहीत नाही. हे ठरवून मी फार धीट झाले असंही नाही. पण ज्या मुलीने मला चपलांवरून घरात घेतलं तिला मी शिक्का मारून पोस्टाच्या खिडकीतून पुढे सरकवणार नाही. यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

तुझ्या बाबांची इच्छा होती की तू एप्रिलच्या सुरुवातीला पोचावंस, छिंगमिंगच्या सुमाराला. त्या दिवसांत तुमच्याकडे लोक पूर्वजांच्या समाध्या झाडतात, माती सारखी करतात. तुझी जागा आजीच्या शेजारी ठरली आहे. तोवर तू इथेच राहणार होतीस, आणि मी तुला आपल्या खोलीत, तुझ्या टेबलावर ठेवलं. तेव्हा काकू वर आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"ऐकून तर घे न बाई. अस्थी घरात ठेवत नसतात. आपल्याकडे झाडाला बांधतात, देवळात ठेवतात. गॅरेजमध्ये कपाट रिकामं करून देते मी तुला. स्वच्छ पुसून देते."

"काकू, ती गॅरेजमध्ये राहत नव्हती."

"अवो, खाली देवघर आहे माझं."

"मग मी दुसरी जागा बघते. तिला घेऊन जाते."

काकू खाली गेल्या. मी पुस्तकं खोक्यात भरायला लागले. चार-पाच दिवस जिन्यावर त्यांची चाहूल नव्हती. मग एका शनिवारी दुपारी त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी थेट आत आल्या. तुझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. खिडकीच्या फटीला हात लावून पाहिला.

"किती थंडी आहे इथे. पोरगी गरम पाणी प्यायची न तू तिला खिडकीपाशी गारठ्यात ठेवलंस? हीटर लाव." मग खोक्यांकडे पाहून, "न ते पुस्तकं काढून ठेव वर. काही कुठे जायचं नाही आहे."

माझ्या ओठांवर थँक्यू आलं होतं. मी उठून हीटर लावला.

मागच्या रविवारी सकाळी मी तुझ्या बाबांना फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, मागे टीव्ही चालू होता. त्यांना वाटलं पार्सलचं सांगायला केला. ते आधीच सुरू झाले, तुला फार त्रास दिला, फार आभार, पोस्टात चौकशी केली आहे, पेटी आली की ते लोक सही घेऊन देतील.

मी त्यांना मध्येच तोडलं. मोठ्यांना तोडू नये, पण तोडलं. म्हटलं, "काका, पोस्टात जाऊ नका. मी आणते आहे तिला. विमानात माझ्या मांडीवर असेल. शुक्रवारी निघते."

टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला. मी वाट बघत होते, आता पुन्हा आभार येतील म्हणून, आणि मनातल्या मनात सांगत होते, म्हणू नका, कृपा करून म्हणू नका.

"तू मांस खात नाहीस," तुझे बाबा म्हणाले. "हिला सांगून ठेवतो. चवीपुरतंही घालायचं नाही म्हणून."

मग त्यांनी फोन ठेवला. आभार न मानता.

तुझं बरोबर होतं असं मी अजूनही म्हणत नाही. काही माणसांना म्हणायला हवं असतं, आणि घरी गेल्यावर आईला मी म्हणणार आहे, मला ताप आलाय असं तिला वाटलं तरी. पण तुला नाही. तुझ्या टेबलासमोर बसून मी हे गेले कित्येक दिवस थोडं थोडं लिहिते आहे, आणि यात तो शब्द मी तुला एकदाही म्हटलेला नाही. आभार मानले की पाहुणे निघून जातात.

पेटी तुझ्या टेबलावर आहे. तुझा लाल आणि माझा हिरवा असे दोन्ही थर्मास भरलेले आहेत. शुक्रवारचं तिकीट माझ्या नावाचं आहे, आणि परतीचं काढलेलं नाही.